सायप्रसची बोलणी परत सुरू होणार का?

प्रश्न: २०१७ ला स्वित्झर्लंडमधल्या क्रान्स-मोंटानात सायप्रसच्या ग्रीक दक्षिणेची आणि तुर्की उत्तरेची एकत्र येण्याची बोलणी फिसकटली तेव्हापासून सगळं ठप्पच आहे, आता उत्तरेत एर्हुरमान अध्यक्ष म्हणून निवडून आलेत तर काही हलेल असं वाटतं का?

प्रतिसाद: हलेल की! उत्तरेतले आधीचे अध्यक्ष तातार दोन वेगळी राष्ट्रंच हवीत म्हणून अडून बसलेले, एर्हुरमान फेडरेशनच्या, म्हणजे दोन्ही भागांच्या मिळून एका संघराज्याच्या बाजूचे आहेत.

प्रतिसाद: पण खरी गाठ उत्तरेतलं तुर्की सैन्य आणि गॅरंटीची, म्हणजे तुर्कीसारख्या बाहेरच्या देशांना बेटावर हस्तक्षेपाचा जो हक्क आहे त्याची आहे ना, २०१७ लाही तिथेच घोडं अडलं.

प्रतिसाद: २००४ विसरू नका, बेट एकत्र करायच्या संयुक्त राष्ट्रांच्या अन्नान प्लॅनला सार्वमतात उत्तरेने हो म्हटलं आणि दक्षिणेने सपशेल नाही. आज दुभंगलेल्या राजधानीत, निकोसियात, लेड्रा स्ट्रीटवर पासपोर्ट दाखवून चालत पलीकडे जाता येतं, पण उत्तरेतल्या वरोशा या ओस पडलेल्या वस्तीतली माणसं १९७४ ला तुर्की सैन्य आल्यावर घर सोडून पळाली ती अजून परत राहायला गेलेली नाहीत, त्यांचं काय ते आधी बोला.