बुलेट ३५०: नवीन कार्बोरेटर बसवल्यापासून गरम झाली की स्लो धरत नाही

औसेकर ३५०

नमस्कार मंडळी. गाडी १९९२ची बुलेट ३५०, बिडाचं इंजिन, पॉइंटवाली (ठिणगी पाडायची जुनी पद्धत). जुना कार्बोरेटर पार झिजला होता. आतली स्लाइड (रेस दिली की वर-खाली होणारा दट्ट्या) बोटानं हलवली की बॉडीत खडखड वाजायची. म्हणून पंधरवड्याखाली लातूरहून नवीन व्हीएम-२४ कार्बोरेटर आणला आणि तिथंच एका गॅरेजवर बसवून घेतला. तेव्हापासून हा त्रास लागलाय.

सकाळी थंड इंजिनला एका किकमध्ये सुरू होते, स्लोही छान धरते, म्हणजे रेस न देता एका ठोक्यावर चालू राहते. पण औशाहून लातूर, म्हणजे २० किलोमीटर चालवून सिग्नलला थांबलो की रेस, म्हणजे इंजिनाचा वेग, आपोआप चढते, तीन-चार सेकंद तशीच वर राहते, मग धपकन खाली येते आणि गाडी बंद. उतारावर रेस सोडली की सायलेन्सरमध्ये फटाके फुटल्यागत आवाज. प्लग काढून बघितला तर चुन्यासारखा पांढरा.

स्लोवरची हवा कमी-जास्त करणारा एअर स्क्रू पूर्ण आत घातला, मग तीन आटे बाहेर काढला. आवाजात काडीचा फरक नाही. स्लोचा वेग वाढवायचा स्लो स्क्रू तर इतका आत गेलाय की डोकं बॉडीला टेकायचं राहिलंय. गॅरेजवाला सांगायलाय, हजार किलोमीटर चालवा, आपोआप बसंल. मला ते पटंना.

गाडी अण्णांची आहे. किल्लारीच्या भूकंपाच्या दिवशी, ३० सप्टेंबर १९९३ला, उजाडता उजाडता ते हिच्यावरच भाकरीचं गाठोडं बांधून तिकडं गेले होते. आता ते चालवत नाहीत, पण रोज संध्याकाळी मी आलो की आवाज ऐकून सांगतात, "अजून बरोबर नाही रे." कुठून तपासायला लागू?

अंबाजोगाईकर

प्लग पांढरा, रेस सोडल्यावर फटाके, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. एअर स्क्रूनं फरक पडत नाही म्हणता, तेव्हा आधी पायलट जेट बघा, म्हणजे स्लोवर पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी. जुन्या टाकीतला गंज-कचरा नव्या कार्बोरेटरात पहिल्या आठवड्यातच उतरतो. जेट उजेडाकडं धरून भोक पूर्ण गोल दिसतं का बघा. तार घालू नका, भोक मोठं होतं आणि मग ते जेट कायमचं बाद. पंक्चरवाल्याकडं जाऊन हवा मारून घ्या. जेटवरचे नंबरही जुन्या कार्बोरेटरच्या जेटांशी ताडून बघा, दुकानातून कोणते घालून आलेत त्याचा भरवसा नसतो.

दुसरं, आताचं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं. एक किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला ९च. म्हणजे त्याच जेटवर गाडी आधीपेक्षा थोडी कोरडी, म्हणजे कमी पेट्रोलवर, चालणार. पण तेवढ्यानं गाडी बंद पडत नाही, हेही खरं.

परभणीवाला

पॉइंटच्या गाडीत रेस अशी वर-खाली व्हायला आणखी एक कारण असतं. पॉइंटच्या प्लेटखाली अ‍ॅडव्हान्सची वजनं असतात, वेग वाढला की ती उघडून ठिणगी लवकर पाडतात. त्यांच्या स्प्रिंगा ढिल्या पडल्या की वजनं स्लोवरच उघडायला लागतात, टायमिंग पुढं जातं, रेस चढते. चढली की वजनं आणखी उघडतात.

कार्बोरेटर की स्प्रिंग, हे ओळखायला सोपं आहे. गाडी गरम असताना, रेस नाचत असताना चोक थोडा लावा, त्यानं पेट्रोलचं प्रमाण वाढतं. स्लो शांत झाली तर हवा जास्त आहे. तशीच नाचत राहिली तर पॉइंटचं झाकण उघडा. आणि पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर आहे का तेही त्याच वेळी बघून घ्या.

औसेकर ३५०

दादा, आत्ताच करून बघितलं. चोक थोडा लावला की स्लो एकदम शांत. काढला की परत नाच. पायलट जेट काढलं, भोक स्वच्छ गोल आहे, दोन्ही जेटांचे नंबरही जुन्याशी जुळतात.

नांदेडचा मिस्त्री

भाऊ, चाळीस वर्षं ह्याच गाड्या उघडायलोय. जेट स्वच्छ आहे, चोकनं शांत होते, एअर स्क्रू ऐकत नाही, आणि त्रास गरम झाल्यावरच. कार्बोरेटर आणि हेडच्या मधून हवा ओढायलीय. एअर स्क्रूनं तुम्ही मोजून हवा देता, पण शेजारी न मोजलेलं भगदाड असलं तर स्क्रूला विचारतंय कोण?

तेलाची कुपी घ्या. गाडी गरम करून स्लोवर ठेवा आणि कार्बोरेटरच्या जोडावर चारी बाजूंनी इंजिन ऑइलचे दोन-दोन थेंब सोडा. जिथं थेंब पडल्यावर आवाज बदलतो तिथं फट. काही पोरं ह्याला पेट्रोल वापरतात. गरम सायलेन्सर वीतभर अंतरावर असतो, ते अजिबात करू नका.

आता फट काहून पडते ते सांगतो. ह्या कार्बोरेटरला नट आवळायचे दोन कान असतात आणि हेडच्या मधे काळा इन्सुलेटर, हेडची उष्णता अडवणारा. कार्बोरेटर नरम धातूचा. कोणी दोन पॅकिंगं एकावर एक घालून लांब पान्यानं नट आवळले की कान पुढं वाकतात आणि मधला भाग मागं राहतो. धनुष्य होतं त्याचं. थंड असताना कसंतरी टेकून राहतं, गरम झालं की उघडतं. मग गिऱ्हाईक आणखी आवळतं, धनुष्य आणखी वाकतं.

सपाट काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवा आणि कार्बोरेटरचं तोंड त्यावर दोन-चार वेळा हलक्या हातानं फिरवा. कुठं चमकतंय ते बघून सांगा. आणि सिलिकॉन लावू नका, पेट्रोलनं फुगतं आणि तुकडे आत जातात.

औसेकर ३५०

काका, तुमचं शब्दन् शब्द खरं निघालं.

तेलाचा थेंब वरच्या बाजूला सोडला तर काहीच नाही. खालच्या बाजूला सोडला आणि चढलेली रेस जागेवर खाली आली, थेंब आत ओढला गेलेला डोळ्यांनी दिसला. कार्बोरेटर काढला तर खरंच दोन कागदी पॅकिंगं निघाली, एक तिरकं बसलेलं, आणि खोबणीतला रबरी ओ-रिंग घातलेलाच नव्हता.

फोटोफ्रेमची काच काढून ओट्यावर ठेवली, त्यावर पॉलिश पेपर. चार वेळा फिरवलं तर दोन्ही कान आरशासारखे चमकायला लागले आणि मधली गोल कड आहे तशीच काळी. अण्णा बॅटरी धरून शेजारी बसले होते. म्हणाले, "मधे नख जातंय की रे." सगळी भोकं चिंध्यांनी बंद केली आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवत बसलो. दर पाच मिनिटाला पुसून बघायचं. आधी काळी कड वरून उजळली, मग बाजूनं, खालचा करंगळीच्या नखाएवढा डाग शेवटपर्यंत राहिला. पाऊण तास गेला. नंतर पेट्रोलनं सगळं धुतलं, कारण पॉलिश पेपरचा कण आत गेला तर सिलिंडर खाणार.

इन्सुलेटरही काचेवर बघितला, तो सरळ होता. नवीन ओ-रिंग, एकच पॅकिंग, आणि नट आळीपाळीनं, लहान पान्यानं, हाताला लागेल तेवढेच आवळले.

आज औसा-लातूर-औसा करून आलो. दुपारची वेळ, गाडी चांगली तापलेली. दारात उभी केली आणि रेस सोडली. ठोका खाली आला आणि तिथंच राहिला, मोजता येईल असा. एअर स्क्रू आता ऐकतोय: आत घातला की आवाज जड होतो, जास्त बाहेर काढला की अडखळतो. मधे पावणेदोन आट्यांवर सगळ्यात गोड चालते, तिथंच ठेवला. स्लो स्क्रूही चार आटे मागं घ्यावा लागला.

अण्णा आतून बाहेर आले, टाकीवर हात ठेवून मिनिटभर उभे राहिले. काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बंद नको करू. चालू दे जरा."

नांदेडचा मिस्त्री

छान केलं. २०० किलोमीटर झाल्यावर नट एकदा हातानं तपासा. ढिले वाटले तर पाव आटा, त्याच्या पुढं नाही.