टाकीचे तापमान मध्येच नेमके ८५ अंश दिसते

प्रश्न
नमस्कार. डिस्कस माशांच्या टाकीसाठी मी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर हीटर आणि पंप चालवणारा कंट्रोलर बांधला आहे. तापमान मोजण्यासाठी डीएस१८बी२० प्रकारचे दोन वॉटरप्रूफ सेन्सर, एक टाकीत आणि एक खालच्या संपमध्ये (टाकीखालच्या पाण्याच्या जोडटाकीत), तीन-तीन तारांनी जोडले आहेत; डेटाची तार जीपीआयओ ४ या पिनवर असून तिच्यापासून ३.३ व्होल्टपर्यंत ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आहे. एरवी दोन्ही सेन्सर २८ ते २९ अंश दाखवतात, परंतु पंप सुरू होताना संपमधला सेन्सर कधीकधी नेमके ८५ अंश दाखवतो आणि लगेच पूर्ववत होतो. त्या वेळीही सीआरसीच्या (वाचन बिनचूक पोचले का हे तपासणाऱ्या बेरजेच्या) ओळीत ‘येस’ असते. सेन्सर बदलावा का?

उत्तर १
सेन्सर बदलण्याची घाई करू नये. वीज मिळताच या चिपच्या स्मृतीत ८५ हाच आकडा असतो आणि मोजणी पूर्ण झाली नाही तर तोच वाचला जातो. सीआरसी फक्त आकडा वाटेत बिघडला नाही एवढेच तपासते, त्यामुळे ‘येस’ दिसणे स्वाभाविक आहे. बारा बिटांच्या मोजणीला ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो; तेवढ्या अवधीत आपल्या सेन्सरची वीज खंडित होत असावी.

उत्तर २
वरील उत्तराशी सहमत आहे. माझा संशय संपकडच्या लाल, म्हणजे वीज पुरवणाऱ्या तारेच्या जोडावर आहे. ही तार सुटली तरी सेन्सर बंद पडत नाही. तो डेटाच्या तारेतून वीज घेऊन उत्तर देत राहतो, म्हणूनच हा दोष लवकर लक्षात येत नाही. मोजणी करताना मात्र त्याला दीड मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह लागतो आणि ४.७ किलोओहममधून ३.३ व्होल्टवर जेमतेम ०.७ मिलिअँपिअर मिळतो. पंपाच्या थरथरीने सैल स्क्रू क्षणभर सुटत असेल, तर आपण सांगितलेली सर्व लक्षणे जुळतात. पंप बंद ठेवून ती तार हाताने हलवत वाचन घेतल्यास खात्री होईल. मग जोड डाखून त्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी, कारण टाकीजवळच्या दमटपणात स्क्रूचे जोड गंजतात. जोड पक्का असूनही त्रास राहिला, तर सेन्सरजवळ लाल आणि काळ्या (ग्राउंडच्या) तारेमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून पाहावा आणि पंपाच्या वायरी सेन्सरच्या तारांपासून दूर न्याव्यात. रेझिस्टर ५ व्होल्टला कदापि जोडू नये. रास्पबेरी पायच्या पिनांना तेवढा विद्युतदाब सोसत नाही.

उत्तर ३
तारांइतकेच प्रोग्रॅमकडेही लक्ष द्यावे, ही कळकळीची विनंती. ८५ आल्यावर हीटर बंद होतो, त्यात तातडीचा धोका नाही. पण डेटाची तार काळ्या तारेला चिकटली तर सगळे बाइट शून्य येतात, शून्यांची सीआरसीही शून्यच असल्याने ‘येस’ दिसते आणि तापमान ० अंश मानून हीटर सुरूच राहतो. म्हणून १५ अंशांखालचा किंवा ४० अंशांवरचा आकडा तापमान न मानता ‘वाचन नाही’ असे समजावे, आणि सलग काही वेळा वाचन मिळाले नाही तर हीटर बंद करून सूचना पाठवावी. जुने वाचन धरून ठेवण्याची सोय असेल तर ती काढावी; शेवटचा आकडा २७ असल्यास तीही हीटर थांबवणार नाही. हीटर चालू-बंद करणाऱ्या रिलेचे (विजेवर चालणाऱ्या स्विचचे) संपर्क चिकटले तर यापैकी कशाचाच उपयोग होत नाही, त्यामुळे हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट ३० अंशांवर लावून ठेवावा.