हेडरचे बोल्ट गरम इंजिनावर आवळावेत काय?

एस्टीमवाला, राजारामपुरी
परवा येथे एकाने लिहिले की जुन्या गाडीच्या हेडरचे, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्याचे, बोल्ट इंजिन तापलेले असतानाच पान्याला पाइप लावून आवळावेत, आणि मागचा बोल्ट हाताला लागत नसेल तर तो खुशाल सोडून द्यावा. हा सल्ला मी गेल्या पावसाळ्यात तंतोतंत पाळला आहे, म्हणूनच एवढे लांबण लावतो. माझ्या गाडीचे हेड, म्हणजे हे बोल्ट ज्यात बसतात तो इंजिनाचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचे. पाइपाच्या जोरावर बोल्ट अर्धा वळसा फिरला आणि आटे घेऊनच बाहेर आला. सोडून दिलेल्या बोल्टापाशी हेड आणि हेडर यांच्या फटीतले गॅस्केट जळाले. सकाळी गाडी चालू केली की टिक-टिक होई आणि धातू तापून फुगला की आवाज थांबे, त्यामुळे दोन महिने मी टॅपेटला, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या भागालाच, दोष देत राहिलो. त्या फटीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, हेही लक्षात घ्यावे. मॅन्युअलमधला टॉर्क, म्हणजे आवळण्याच्या पिळाचा आकडा, थंड इंजिनासाठी असतो, आणि मधल्या बोल्टापासून दोन्ही टोकांकडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळत जायचे असते.

मेस्त्री, उद्यमनगर
पुस्तकी विद्या ठीक आहे, साहेब. पण नळ्यांच्या मागे तुमचा टॉर्क पाना शिरतो कोठे, ते आधी दाखवा. रिंग पाना अर्ध्यावर कापून, गॅसवर तापवून वाकवलेला मी तीस वर्षे वापरतो आहे, आणि बोल्ट बसला की हाताला कळते. गरम इंजिनात हात घालण्याची हौस मेस्त्रीला नसते. ती गाडी दारात लावून तासाभरात परत मागणाऱ्या, वर मजुरीत घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला असते.

ओतकाम, शिरोली
वाकवलेला पाना मान्य, अंदाज अमान्य. टॉर्क पान्याला क्रो-फूट, म्हणजे टोकाला बसणारा उघड्या तोंडाचा छोटा पाना, जोडावा. तो काटकोनात लावला तर मापात फरक पडत नाही. सरळ रेषेत लावला तर लांबी वाढते, म्हणजे 300 मिमीच्या पान्याला 30 मिमीचा जोड लावून बोल्टावर 22 न्यूटन मीटर हवे असतील, तर पाना 20 वर ठेवावा लागतो. शिवाय आट्यांना तांब्याचे ग्रीस लावावे, म्हणजे पुढच्या वेळी बोल्ट जाम होत नाही.

घाटवाट
हे ग्रीसचे खूळ एकदाचे थांबवा. मीही लावले होते. पुस्तकातला आकडा कोरड्या आट्यांचा होता. ग्रीसने घर्षण घटले आणि त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला गेला. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना त्यातला एक तुटला, आणि वैभववाडीपर्यंत मुले मागून विचारत होती की आपण ट्रॅक्टर कधी घेतला.

ओतकाम, शिरोली
यात ग्रीसचा काय दोष? ग्रीस लावले की टॉर्क कमी करायचा असतो, हे शिकाऊ पोरालाही ठाऊक असते. कोल्हापुरी चपलेला तेल पाजून लगेच फरशीवर धावणारा माणूस आपटला, तर आपण तेलाला शिव्या देत नाही.

घाटवाट
माझी अक्कल काढण्याआधी स्वतःचा पहिला प्रतिसाद पुन्हा वाचावा. त्यात टॉर्क कमी करण्याबद्दल अवाक्षर नाही. 2019 च्या महापुरात माझी गाडी पाण्याखाली होती. त्यानंतर तिचे गंजलेले स्टड, म्हणजे हेडमध्ये बसवलेले बिनडोक्याचे आट्यांचे दांडे, रात्रभर तेल सोडून, थोडे पुढे थोडे मागे करत मी स्वतः काढले आणि नव्या स्टडांवर पितळी नट चढवले. पितळ लोखंडाला गंजून चिकटत नाही, त्यामुळे त्या डबीची मला गरज उरलेली नाही.

ओतकाम, शिरोली
लिहायचे राहिले, हे कबूल. मात्र एस्टीमवाल्यांच्या हेडरला स्टड नसून बोल्ट आहेत, तेव्हा तुमचे पितळी नट ते कपाळाला लावणार काय?

मेस्त्री, उद्यमनगर
तुम्ही दोघे ग्रीसवर भांडत बसा. काटकोनाची गोष्ट मला माहीत नव्हती. उद्या एक गाडी आहे, तिच्यावर करून पाहतो. मात्र इंजिन थंड होईपर्यंत गिऱ्हाइकाला चहा एस्टीमवाल्यांनी पाजायचा.