प्रतिसाद: नुसत्या सह्यांनी भागत नाही

वर एका भाऊंनी लिहिलं की बंदुका खाली ठेवल्या, निवडणूक घेतली की झालं, बाकी आपोआप होते. तसं नसते ना बाप्पा, नेपाळचंच पाहा. १९९६ ते २००६ माओवादी युद्ध चाललं, १७ हजाराच्या आसपास माणसं गेली, मग सरकार अन् माओवाद्यांत शांतता करार झाला अन् २००८ मध्ये ६०१ जणांची संविधानसभा बसली, त्यात १९७ बाया. एवढ्या आपल्या विधानसभेत कधी दिसल्या का सांगा.

पण मला भारी वाटते ते खालचं काम. तिथं प्रत्येक वॉर्डात पाच जण निवडतात, त्यात दोन बाया पाहिजेच अन् त्यातली एक दलित. २०१७ ला साडेसहा हजारावर दलित बाया अशा निवडून आल्या, काही जागी उमेदवारच भेटली नाही म्हणून जागा रिकाम्या राहिल्या ते वेगळं. आता निवडून आली म्हणजे तिचं ऐकतात असं नाही, ते गडचिरोलीत राहणाऱ्याला सांगायची गरज नाही, आमच्याकडंही ग्रामसभेचं रजिस्टर घरोघरी फिरवून बायांचे अंगठे घेतात अन् तेंदूपत्त्याचा भाव काय ठरला ते तिला पुडे बांधतानाच समजते. मेंढा-लेखासारखं गाव, जिथं सगळे बसल्याशिवाय निर्णय होत नाही, ते एखादंच.

अन् नेपाळच्या त्या युद्धात बेपत्ता झालेल्या लोकांचं काय? करारात लिहिलं होतं ६० दिवसांत नावं जाहीर करू, चौकशी आयोग बसला तो थेट २०१५ ला. त्या घरच्यांना जाऊन सांगा निवडणूक झाली म्हणून.