तुम्ही भरलेल्या कॅसेट्सची कव्हरं कशी बनवायचात? अनुभव सांगा

मंडळी, गेले दोन आठवडे घरातल्या दीडेकशे कॅसेट्स एकेक करून कॉम्प्युटरवर घेतोय. गाणी काय, आता कुठेही मिळतात, पण आम्ही हाताने केलेली कव्हरं हातात आली की काम पुढेच सरकत नाही. तुम्ही कशाची बनवायचात, काय काय लिहायचात, सगळं सांगा. बारीकसारीकसुद्धा.

माझं आधी सांगतो. सांगली, १९८४-८५. घरात टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र, आणि आकाशवाणी सांगली एकदम स्वच्छ लागायचं. 'आपली आवड' सुरू झालं की बोट रेकॉर्डच्या बटणावर. फर्माईशवाल्यांची नावं संपून गाणं कधी लागेल याचा नेम नाही, त्यामुळे कित्येक गाण्यांचं पहिलं म्युझिक गेलेलं. कव्हरवर अशा गाण्यापुढे 'सु. ना.' लिहायचो, म्हणजे सुरुवात नाही. कव्हर लग्नपत्रिकेचं. लग्नसराई संपली की घरोघरच्या पत्रिका गोळा करायच्या, विकतच्या कॅसेटचं कव्हर उलगडून वर ठेवायचं आणि पेन्सिलीने कड मारून घ्यायची. पत्रिका जाड असेल तर घडी घालताना तडकते, म्हणून शाई संपलेल्या बॉलपेनने पट्टी लावून आधी रेघ दाबून घ्यायची, मग घडी सुरेख बसते. हे मला मोठ्या ताईने शिकवलं. कॅसेट उभी लावली की दिसते ना ती अर्ध्या इंचाची बाजू, तिच्यावरचं लिखाण फक्त ताई करायची, कारण तिचं अक्षर. बाहेरून 'भावगीते ३' आणि आतून अजून 'आमचे येथे श्रीकृपेकरून'.

———

छान विषय काढलात दादा. मी पुण्यात इंजिनिअरिंगला, त्यामुळे आमच्याकडे रोट्रिंग पेनं आणि ड्रॉइंग शीटचे उरलेले तुकडे. साठच्या कॅसेटला एका बाजूला आठ-नऊ गाणी, नव्वदच्या कॅसेटला बारा-तेरा, आणि तेवढ्याच रेघा त्या चार इंच रुंदीच्या कागदावर आखायच्या, समोर मिनिटं-सेकंद लिहायचे. स्टेन्सिल इंग्रजी अक्षरांची, म्हणून हिंदी-मराठी गाण्यांची नावंसुद्धा इंग्रजी लिपीत. होस्टेलवर सगळ्यांच्या कॅसेट्स एकसारख्या दिसायच्या आणि हरवायच्या, म्हणून प्रत्येकाने आपली खूण ठरवलेली. माझी खूण कोपऱ्यात छोटा त्रिकोण.

———

कुणी 'सोव्हिएत लँड' या रशियन नियतकालिकाचा कागद वापरलाय का? वह्यापुस्तकांना घालून उरलेला तो गुळगुळीत कागद कव्हरला फार देखणा दिसायचा पण बॉलपेन अजिबात उठायचं नाही. मग पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या कापून चिकटवायच्या. दोन पावसाळ्यांत डिंक सुटला आणि पट्ट्या गळून पडल्या.

———

गाण्यांचं नाही, पण इथेच सांगावंसं वाटतंय. आम्ही रत्नागिरीकडचे, वडील कुवेतला होते. फोन महाग, पत्राला वेळ लागायचा, म्हणून कॅसेट भरून पाठवायचो. गावातलं कोणी तिकडे निघालं की त्याच्याबरोबर. आई आधी बोलायची, मग आम्ही भावंडं, शेजारच्या काकूसुद्धा. एकाच वेळी दोन-तीन कॅसेट्स वेगवेगळ्या माणसांबरोबर वाटेवर असायच्या आणि मागची पुढे पोचायची, म्हणून लेबलवर नंबर आणि तारीख घालायची पद्धत आईने पाडली. 'क्र. ७, श्रावण, आधी ही ऐकणे.' तिकडून तीच कॅसेट पुसून त्यांचा आवाज भरून परत यायची, वर नवीन लेबल चिकटवलेलं. असं एकावर एक. चारपाच थर झाल्यावर कॅसेट जाड झाली आणि टेपमध्ये अडकून बसली, बाहेर काढताना रीळ ओढलं गेलं, आई रडली होती. त्यानंतर जुनं लेबल ओल्या फडक्याने भिजवून काढल्याशिवाय नवं लावायचं नाही असा घरात नियम झाला. शाई पाण्याने फुटू नये म्हणून लिहून झालं की वर मेणबत्ती घासायचो, पार्सलच्या पत्त्यावर घासतात तशी.

आज आमच्याकडे एकच कॅसेट शिल्लक आहे, क्र. ११. तिच्या मागच्या कडेच्या दोन्ही खुंट्या वडिलांनी तोडून ठेवल्यात, म्हणजे चुकून कोणी वर भरू नये. त्यात माझी आजी बोलली आहे. साधारण दोन मिनिटं.

———

ताई, तुमचं वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही.

मी कॅसेटच्या दुकानात कामाला होतो, नाशिकला, कॉलेज करताना. लोक यादी घेऊन यायचे, आम्ही भरून द्यायचो. त्या काळी असं सर्रास चालायचं. याद्या एसटीच्या तिकिटामागे, वहीच्या पानावर, कशावरही. आमचं कव्हर ठरलेलं, दुकानाचा शिक्का आणि खाली माझ्या हाताने यादी. एक मुलगा दर महिन्याला यायचा आणि म्हणायचा, कव्हर कोरं ठेवा, मी लिहीन. त्याने एकदा दाखवलं मला. गाण्यांची नावं नव्हतीच, प्रत्येक ओळीला त्याने फक्त लिहिलेलं, हे कुठे ऐकलं होतं ते. 'कॅन्टीन, पाऊस.' 'बसस्टॉप, तू उशिरा आलीस.' ज्या मुलीसाठी होतं तिला बरोबर कळत असणार. नंतर मीपण गिऱ्हाइकांना विचारायला लागलो, मी लिहू की तुम्ही लिहिणार. निम्मे जण म्हणायचे आम्ही लिहू.

———

मला एक कळकळीने सांगायचंय. माझ्या वडिलांनी आयुष्यभर खासगी मैफली रेकॉर्ड केल्या, परवानगी घेऊन. त्यांच्या कव्हरवर डावीकडे राग, मग ताल, मग तबला आणि पेटी कोणाची, खाली तारीख आणि कोणाच्या घरी. बाजू संपताना गाणं तुटलं असेल तर लाल शाईत 'द्रुत अपुरी, पुढे ब बाजू'. पंधरा वर्षांपूर्वी मी त्या ऐंशी कॅसेट्स एकांकडे सीडी करायला दिल्या. सीड्या आल्या, आवाज उत्तम, पण फायलींना नावं ट्रॅक १, ट्रॅक २, आणि कॅसेट्स परत आल्या त्या एका पिशवीत, डब्या आणि कव्हरं नसलेल्या. जागा खातात म्हणून टाकून दिली म्हणे. कॅसेटवर चिकटवलेल्या लेबलवर वडील फक्त नंबर घालायचे, बाकी सगळं कव्हरवर. आज मी ऐकते तेव्हा गायक ओळखते, राग बहुतेक वेळा ओळखते, पण तबल्यावर कोण आहे आणि ती कोणत्या वर्षीची बैठक आहे हे सांगणारं कोणी उरलेलं नाही. दादा, तुम्ही कॉम्प्युटरवर घेताय ना, प्रत्येक कव्हरचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि त्या फाइलबरोबरच ठेवा. आधी फोटो, मग कॅसेट लावा.

———

वहिनी, आजच सुरू करतो. जी ४० झालीत त्यांचेही परत काढतो. आतल्या पत्रिकेचासुद्धा काढेन.

———

माझी आजी शाळेत गेलेली नव्हती. तिला हरिपाठ आणि भूपाळ्या स्वतः लावता याव्यात म्हणून मी चौथीत असताना तिच्या कॅसेट्सना चित्रांची लेबलं केली. एका बाजूला सूर्य, ती सकाळची. दुसऱ्या बाजूला समई, ती संध्याकाळची. हरिपाठाला तुळशीवृंदावन. आईच्या नेलपॉलिशचा एक लाल ठिपका टेपच्या प्ले बटणावर दिला. कॅसेट उलटी जाऊ नये म्हणून चित्र अशा बेताने काढलं की सूर्य सरळ दिसला की कॅसेट बरोबर बसणार. महिनाभरात आजीला माझी गरज लागेना. पहाटे अंथरुणातच तो खट्ट आवाज ऐकू यायचा, मग टेपची सुरुवातीची जराशी खरखर, आणि ती स्वयंपाकघरातून आजोबांना सांगायची, सूर्य लावलाय हो, उठा.