नवी मुंबईचा विमानतळ इंधन वाचवणार की वाढवणार?

घिरटी
'विमानतळ वाढवला की इंधन जास्त जळणार' हे वाक्य हल्ली इतक्या सहज फेकलं जातं की धागाच काढला. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच कामाला येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने तिथल्या गर्दीच्या वेळची विमानं तासाला ४६ वरून ४४ वर आणायला लावली. तेव्हा दिलेला हिशोब असा: विमानं शहरावर ४० ते ६० मिनिटं घिरट्या घालतात, तासाला सरासरी २००० किलो इंधन जातं. म्हणजे एका विमानामागे १.७ ते २.५ किलोलिटर, रुपयांत १.८ ते २.६ लाख.

यात न दिसणारा भाग वेगळाच. मुंबईला थांबावं लागणार हे ठाऊक असलं की वैमानिक जादा इंधन भरून निघतो. जादा वजनाच्या साधारण ३ टक्के इंधन दर तासाला ते वजन वाहण्यातच जातं. दिल्लीहून १ टन जादा आणलं तर दोन तासांत ६० किलो निव्वळ हमाली. नवी मुंबईसारखा दुसरा विमानतळ हा भार हलका करतो. मग त्याला खलनायक का ठरवायचं?

रिकामा_स्लॉट
घिरट्यांचं मान्य. पण मुंबईत मोकळा झालेला स्लॉट (विमानाला उतरायची-उडायची ठरलेली वेळ) मोकळा राहतो असं तुम्ही धरून चाललात, तिथेच गणित फसतं. इंडिगोने जून २०२३ मध्ये एका दमात ५०० विमानं मागवली, ती हँगरात ठेवायला नव्हे.

आकडे मांडू. मुंबईत रोज साधारण ४७५ विमानं उतरतात असं धरा आणि प्रत्येकाची १० मिनिटं वाचली असं समजा (हा आकडा उदाहरणापुरता). मिनिटाला ३३ किलोने दिवसाला सुमारे १५७ टन इंधन वाचलं. आता दुसरी बाजू. नवी मुंबईच्या पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला २ कोटी प्रवासी. विमानात दीडशे माणसं धरली तर रोज साधारण १८० उड्डाणं निघतील. मुंबई-दिल्लीसारख्या एकेरी फेरीला ए३२० (एअरबसचं नेहमीचं देशांतर्गत विमान) चार ते पाच टन जाळतं. साडेचारने ८१० टन! यातली २० टक्के उड्डाणं जरी नव्याने आलेली असली, तरी वाचलेलं सगळं पुसलं जातं. आणि अंतिम क्षमता ९ कोटींची आहे.

खालापूर_टोल
एक बाजू राहिली. पुण्याहून येणाऱ्याला वाशी-चेंबूरच्या रांगेत न शिरता त्याआधीच विमान मिळालं, तर मोटारीचे ३०-३५ किलोमीटर वाचतात. बोरिवलीकराचं उलट. ते एकमेकांत वजा होतात की नाही, हे कोण कुठून उडतं त्यावर.

चिलरवाला
सगळे आभाळाकडे बघताय. टर्मिनलकडेही बघा.

नवीन टर्मिनल पूर्ण क्षमतेसाठी बांधतात आणि सुरुवातीला थोडकी उड्डाणं घेतात. नवी मुंबईचं कामकाजही आधी रोज १२ तासांपुरतंच होतं. काच, छताची उंची, दमट हवा यात फरक पडत नाही. प्रवासी कमी असले तरी हॉल थंड ठेवावाच लागतो. सेंट्रिफ्यूगल चिलर (एसीसाठी पाणी थंड करणारं मोठं यंत्र) ३० टक्के भाराखाली गेला की सर्ज व्हायला लागतो, म्हणजे त्यातला वायू उलटा फिरून हिसके बसतात. मग ऑपरेटर हॉट गॅस बायपास (गरम वायू परत आत सोडणारी वाट) उघडून खोटा भार देतो, म्हणजे वीज खर्चून थंडावा फुकट घालवतो. लहान चिलर आधीच बसवला नसेल तर बहुधा दुसरा उपाय नसतो.

त्याहून नेहमीचं दुखणं म्हणजे डेल्टा-टी, थंड पाण्याच्या जाण्या-येण्याच्या तापमानातला फरक. चिलरमधून पाणी ७ अंशांवर जायचं आणि १३ वर परत यायचं, असं डिझाइन. प्रत्यक्षात ते १० वरच परततं. कॉइल (हवा थंड करणारी नळ्यांची जाळी) मळलेली असते, थ्री-वे व्हॉल्व्ह थंड पाणी तसंच मागे सोडतो, किंवा कोणी सेटपॉइंट, म्हणजे हॉलचं ठरवलेलं तापमान, २१ वर ठेवलेला असतो. फरक ६ चा ३ झाला की तेवढ्याच थंडाव्यासाठी दुप्पट पाणी फिरवावं लागतं. पंपाची वीज मात्र दुप्पट होत नाही, त्याच पाइपांत ती आठपटीकडे जाते. शिवाय पहिला चिलर अर्धा रिकामा असताना केवळ पाणी पुरेना म्हणून दुसरा सुरू करावा लागतो. यावर उपाय: टू-वे व्हॉल्व्ह, कॉइलची सफाई, सेटपॉइंट २४, आणि बाहेरची हवा कार्बन डायऑक्साइड सेन्सरच्या हिशोबाने आत घेणं.

रिकामा_स्लॉट
@चिलरवाला, माहिती झकास. पण 'हरित विमानतळ' म्हणतात ते एवढ्यावरच. नवी मुंबईच्या सुमारे ४७ मेगावॉट सौरऊर्जेचं बघा: वर्षाला साधारण ७ कोटी युनिट. ग्रिडच्या युनिटमागे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर ४९ हजार टन टळले. एक टन इंधन जळलं की ३.१६ टन कार्बन डायऑक्साइड; एका दिल्ली फेरीचं साडेचार टन इंधन गुणिले ३.१६, म्हणजे १४ टन. एवढा मोठा सौर प्रकल्प दिवसाला साडेनऊ दिल्ली फेऱ्यांची भरपाई करतो. १८० पैकी साडेनऊ!

एप्रन_३
तरी जमिनीवर जे वाचतं ते सोडू नका. गेटवर उभ्या ए३२० चं एपीयू (वीज आणि एसीसाठी शेपटीत असलेलं छोटं इंजिन) तासाला १२० किलोच्या आसपास इंधन पितं. ४५ मिनिटांच्या थांब्यात ९० किलो. गेटवरून विमानाला लागणारी ४०० हर्ट्झची वीज आणि बाहेरून थंड हवा जोडली, एपीयू शेवटची १० मिनिटंच चालवलं तर २० किलो. म्हणजे ७० किलो वाचले, साधारण २२० किलो कार्बन डायऑक्साइड. त्या बदल्यात ८० युनिट वीज धरली तर ग्रिडचीही ५६ किलोच होते.

फसतं कुठे? थंड हवेच्या पिवळ्या पाइपात. तो एप्रनवर (विमानं उभी राहतात त्या फरसावर) लांब पसरतो, वळणावर दुमडतो, सांध्यातून गळतो. मे महिन्यात तापलेल्या काँक्रीटवर पडून टोकाला पोचेपर्यंत हवा कोमट. केबिन ३० अंशांवर गेली की कॅप्टन एपीयू सुरू करतो आणि कागदोपत्री मात्र 'गेटवर वीज उपलब्ध'. पाइप जेमतेम लागेल तेवढाच ठेवा, सरळ ताणा आणि विमान थांबल्यावर पाच मिनिटांत जोडा.

घिरटी
@रिकामा_स्लॉट, २० टक्के नवीन उड्डाणांचं गणित मान्य, ते टाळता येत नाही. पण ती उड्डाणं नवी मुंबई नसती तर झालीच नसती, असं नाही. अहमदाबाद, पुणे, हैदराबादहून झाली असती.

रिकामा_स्लॉट
काही झाली असती, काही लोक रेल्वेने गेले असते. पडताळायला सोपी खूण आहे, मुंबईची गर्दीच्या तासांतली मर्यादा. नवी मुंबई भरत असताना ती ४४ च्या वर गेली नाही तर तुमचं बरोबर. पुन्हा ४६ झाली, की घिरट्याही परत येणार आणि नवी उड्डाणं वर.