शब्दचर्चा: ‘कमी कर’ – काय कमी करू?

शेंडेफळ
मंडळी, अडलेय. आमच्या इकडच्या (इंग्लंड) मराठी मंडळाच्या अंकात यंदा ‘मी कुणाला मत देतो आणि का’ असा विभाग आहे. शेजारचे आजोबा, वय ७९, गोरे, जन्मभर कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे मतदार. बूटदुरुस्तीचं दुकान चालवलं चाळीस वर्षं. त्यांनी दोन पानं हाताने लिहून दिली आणि भाषांतर आलं माझ्या गळ्यात.

त्यांचं सगळं म्हणणं शीर्षकातच आहे: लो टॅक्सेस, एक्सपीरियन्स्ड लीडरशिप. मी सरळ लिहिलं, ‘कमी कर, अनुभवी नेतृत्व’. नवऱ्याने वाचलं आणि म्हणाला, “काय कमी करू?”

तेव्हापासून मला तो आज्ञार्थच दिसतोय. ‘हलके कर’ करून पाहिलं, ‘थोडे कर’ करून पाहिलं. कुठलंही विशेषण लावा, शेवटी कुणीतरी कुणाला तरी काम सांगतंय. ‘अल्प कर’ लिहिलं तर अध्यादेश वाटतो.

दुसरी अडचण खुद्द कॉन्झर्व्हेटिव्ह. ‘पुराणमतवादी’ लिहिलं की आजोबा सोवळं नेसून पाटावर बसल्यासारखे दिसतात. सुचवा.

तिरकी_रेघ
यात अडण्यासारखं काय आहे? हुजूर पक्ष! आमच्या लहानपणी पेपरात हुजूर पक्ष आणि मजूर पक्ष असंच यायचं. तिकडच्या पंतप्रधानांपैकी थॅचरबाई हुजूर, कॅलाहन मजूर (लेबर). कॉन्झर्व्हेटिव्ह हा शब्द मी फार उशिरा ऐकला आणि मला वाटलं हा तिसराच पक्ष आहे.

कानामात्रा
+१. हुजूर-मजूर ही जोडी ज्या कुणी उपसंपादकाने जमवली त्याला दंडवत. यमकही साधलं आणि राजकारणही सांगून झालं.

शेंडेफळ
हुजूर मलाही आठवतो, पण आजोबांना कसा लावू? त्यांनी जन्मभर दुसऱ्यांचे तळवे शिवले आहेत. हुजूर पक्षाचा मतदार म्हटलं की वाचणाऱ्याला वाटणार, वाड्यात राहतात.

मात्रावृत्त
हुजूर मुळात अरबी, अर्थ ‘उपस्थिती’. हजर, हजेरी, हुजऱ्या ही सगळी त्याचीच भावंडं. धन्याच्या समोर असणं ते हुजूर, मग धनीच हुजूर झाला. म्हणून हुजूर पक्ष म्हणजे दरबाराच्या बाजूचा पक्ष, असा माझा तर्क. श्रीमंतांचा पक्ष हा अर्थ मजूरच्या शेजारी बसून बसून चिकटला असावा.

बोरूबहाद्दर
अरबी आहे हे स्वतःच सांगताय आणि वापरा म्हणताय. मराठीत शब्द नाहीत का? स्थितिरक्षक, परंपरानिष्ठ, जतनवादी. महापौर हा शब्दही कुणीतरी घडवलाच ना? तेव्हाही लोक हसले असतील, आज शाळकरी पोरगं म्हणतं.

तिरकी_रेघ
बोरूकाका, मग मजूरही काढा, तो फारसी. महसूल काढा, जकात काढा, वसूल काढा, तिन्ही अरबी. तुमच्या मराठीत सरकारला कर लावता येईल, वसूल करता येणार नाही. आजोबांची मागणी तिथेच पूर्ण! (हलकेच घ्या.)

पोटमाळा
रच्याकने (बाय द वे), टोरी हे या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचं जुनं नाव, आजही बोलण्यात येतं. हा शब्द आयरिश भाषेतून आलाय आणि तिथे त्याचा अर्थ लुटारू, पुंड. सतराव्या शतकाच्या शेवटी विरोधकांनी शिवी म्हणून चिकटवला आणि यांनी मिरवला. म्हणजे अस्सल भाषांतर करायचं तर ‘पुंड पक्ष’.

आणि ‘कॉन्झर्व्ह’ म्हणजे राखणं. हे नाव रूढ झालं १८३० नंतर, पक्षाचा नेता रॉबर्ट पील याच्या काळात. १८३४चा त्याचा टॅमवर्थचा जाहीरनामा काय म्हणतो? जे खरोखर बिघडलंय ते दुरुस्त करू, बाकीच्याला उगाच हात लावणार नाही. यात पुराण कुठे आहे आणि मत कुठे आहे? ‘राखणदार पक्ष’ म्हणा फार तर.

शेंडेफळ
पोटमाळादादा, हे आजोबांना सांगितलं तर खूश होतील. त्यांनी जवळजवळ हेच लिहिलंय. मी केलेला मसुदा असा:

“बूट फाटला तर मी आधी तळवा बघतो. सगळा बूट टाकून नवा घ्या असं सांगणारा माणूस एक तर बूट विकत असतो, नाहीतर त्याने कधी टाका घातलेला नसतो. माझ्या खिशातला पौंड खर्च करताना मी दोनदा विचार करतो, कारण तो परत मिळवायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे. तोच पौंड सरकारकडे गेला की तो खर्च करणाऱ्याने तो मिळवलेला नसतो. १९७६ साली या देशाने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे हात पसरला तेव्हा मी तीस वर्षांचा होतो. तेव्हा मिळकतीवरचा सर्वांत वरचा दर ८३ टक्के होता. माझी कमाई त्या दराच्या आसपासही नव्हती. पण असा दर लावणाऱ्याला मी आणि तो श्रीमंत माणूस सारखेच दिसतो, एवढं मला कळत होतं.”

आकडेमोड
पटलं नाही, पण बुटाचं आवडलं.

मीही तिकडे बारा वर्षं राहिलोय, म्हणून थोडं अवांतर. आजोबा ‘लो टॅक्सेस’ म्हणतात तेव्हा नक्की काय कमी? दर, संख्या की एकूण बोजा? १९७९ला थॅचर आल्या. मिळकत कराचा मूळ दर ३३चा ३० केला, वरचा ८३चा ६०. टाळ्या. त्याच अर्थसंकल्पात व्हॅट ८वरून १५ झाला. म्हणजे पगाराच्या चिठ्ठीवर कर कमी, गल्ल्यावर जास्त. आणि २०२१पासून करमुक्त मिळकतीची मर्यादा १२,५७० पौंडांवर गोठवून ठेवली आहे, तीही हुजूर सरकारनेच. दर तोच, पगार महागाईमागे वाढतो, आणि माणूस आपोआप जास्त कर भरतो. याला इंग्रजीत शब्द आहे (फिस्कल ड्रॅग), मराठीत नाही. मी ‘चोरपावली कर’ म्हणतो.

तेव्हा ‘कमी कर’मधली संदिग्धता भाषांतरातली नाही, मूळ घोषणेतलीच आहे. तशीच ठेवा.

पोटमाळा
आणि मूळ विनोद राहिलाच. मिळकत कर पंतप्रधान पिटने १७९९ला फ्रान्सशी लढायला बसवला, युद्ध संपल्यावर १८१६ला गेला. १८४२ला तो परत कुणी आणला? या पक्षाच्या आद्य पुरुषाने, पीलने! १५० पौंडांच्या वरच्या मिळकतीला पौंडामागे ७ पेन्स, तेही तीनच वर्षांपुरते. ती तीन वर्षं अजून चालू आहेत. आजही हा कर कागदोपत्री तात्पुरता, दरवर्षी संसदेला नव्याने मंजूर करावा लागतो.

कानामात्रा
तीन वर्षं अजून चालू 😂 आणि ३१ जानेवारीला तिकडे विवरणपत्र भरायचा शेवटचा दिवस असतो ना? त्यालाच करिदिन म्हणावं.

बोरूबहाद्दर
करिदिनाचा कर वेगळा. हा कर म्हणजे हात, आणि कर म्हणजे किरणही. सूर्य किरणांनी पाणी शोषतो आणि पावसाने परत देतो तसा राजाने कर घ्यावा, ही उपमा संस्कृत कवींनी उगाच नाही दिली. तुमच्या आजोबांची तक्रार पाऊस पडत नाही ही आहे.

शेंडेफळ
नाही काका, त्यांची तक्रार पाऊस कुठे पाडायचा ते दुसरेच ठरवतात ही आहे. असो. शीर्षक??

मात्रावृत्त
‘करभार हलका, नेता जाणता’.

तिरकी_रेघ
हे रिक्षावर भोंगा लावून म्हणायचं वाक्य झालं.

आकडेमोड
‘मुरब्बी नेतृत्व’ का नको? अनुभवी म्हणजे नोकरीच्या जाहिरातीतलं. मुरब्बी म्हणजे मुरलेला.

मात्रावृत्त
मुरब्बीचा मुरण्याशी काहीही संबंध नाही! अरबीत मुरब्बी म्हणजे सांभाळणारा, पोसणारा, आश्रयदाता. गुजरातीत पत्राच्या मायन्यात वडीलधाऱ्यांना आजही मुरब्बी लिहितात. आपल्याकडे येता येता त्याला मुरलेल्या लोणच्याचा वास लागला. आता ‘मुरब्बी राजकारणी’ म्हटलं की आश्रय कुणालाच दिसत नाही, डाव दिसतात.

कानामात्रा
पण मुरब्बा? तोही अरबीच ना?

मात्रावृत्त
हो, आणि दोघांचं मूळ एकच. सांभाळून वाढवलेला तो मुरब्बा, सांभाळणारा तो मुरब्बी. त्यामुळे आकडेमोड चुकून बरोबर आहेत, हे मला मान्य करावं लागतंय.

आकडेमोड
चुकून नाही. माझे वडील म्हणायचे, अनुभवी माणूस चुका सांगतो, मुरब्बी माणूस लपवतो. म्हणून विचारतो, आजोबांना कुठला हवाय? कॅलाहन घ्या. पंतप्रधान, अर्थमंत्री, गृहमंत्री, परराष्ट्रमंत्री, चारही खुर्च्यांवर बसलेला तिथला एकमेव माणूस. १९७९ला आजोबांनी मत कुणाला दिलं? ज्या बाईंच्या गाठीशी शिक्षणखात्याचं एक मंत्रिपद होतं त्यांना! उलट २०२२मध्ये लिझ ट्रस पंतप्रधान झाल्या त्या आठ वर्षं मंत्रिमंडळात काढून. कर कमी करायला निघाल्या, बाजार कोसळला, ४९ दिवसांत घरी. म्हणजे कमी करही होते आणि अनुभवही होता.

शेंडेफळ
हे मी त्यांना विचारलं. (चहा झाला, दोन तास गेले.) म्हणाले, ट्रसने आधी दर कापला आणि नंतर चामडं शोधायला निघाली. अनुभव म्हणजे किती खुर्च्या झाल्या ते नाही. चुकीचा टाका उसवायची वेळ किती वेळा आली आणि तेव्हा हात थरथरला का, ते. कॅलाहनबद्दल म्हणाले, माणूस चांगला होता, पण त्याच्या मागे उभे असलेले त्याचं ऐकत नव्हते.

यासाठी ‘कसलेला’ कसा वाटतो?

बोरूबहाद्दर
कसलेला पैलवान असतो. किंवा जमीन. नेता पोक्त असतो.

तिरकी_रेघ
पोक्त विचार असतात, किंवा लग्नाळू वय.

शेंडेफळ
बरं, आणखी एक वाक्य बघून द्या. ‘आय हॅव पेड माय टॅक्सेस ऑन टाइम, एव्हरी इयर.’ माझ्या आत्याने तपासताना केलं: ‘दरवर्षी वेळच्या वेळी कर चुकवला.’

कानामात्रा
🙈 आजोबा आत जाणार.

मात्रावृत्त
आत्या चूक नाहीत. कर्ज चुकवणं म्हणजे फेडणं. हिशेब चुकता केला म्हणजे पूर्ण दिला. देणं चुकवलं, भाडं चुकतं केलं, सगळे भरण्याचेच अर्थ.

बोरूबहाद्दर
हा हिंदीचा परिणाम! ‘कर चुकाया’ वरून आलेलं. मराठीत कर चुकवणे म्हणजे बुडवणे, नजर चुकवणे, पाळत चुकवणे, तसं. आत्या कुठल्या?

शेंडेफळ
आत्या नागपूरच्या.

बोरूबहाद्दर
बघा.

मात्रावृत्त
नागपूरचं मराठी मराठी नाही का? आणि ‘चुकता’ काय हिंदीतून उसना आणलात? माझ्या आजोबांच्या रोजखर्डात ‘फलाण्याचे देणे चुकविले’ असं आहे, कोकणातल्या घरात, हिंदीचा वाराही न लागता. एकच क्रियापद, देण्यालाही आणि टाळण्यालाही. दोन्हीकडे ओझं डोक्यावरून जातं, एवढंच भाषेला दिसलं.

बोरूबहाद्दर
एका वहीवरून व्याकरण ठरत नाही.

पोटमाळा
हे चालू द्या, पण शेंडेफळताई, खालच्या परिच्छेदात ‘मतदान कर’ काय आहे?

शेंडेफळ
पोल टॅक्स. १९९०चा. आजोबा लिहितात की तेव्हा ते पहिल्यांदा आपल्याच पक्षावर चिडले.

पोटमाळा
अहो, पोल म्हणजे इथे डोकं! माणशी कर, गरीब-श्रीमंत सारखाच. मराठीत तयार शब्द आहे: डोईपट्टी. स्कॉटलंडमध्ये १९८९, इंग्लंड-वेल्समध्ये १९९०, लंडनमध्ये दंगल, आणि १९९३ला गाशा गुंडाळून काउन्सिल टॅक्स. ‘मतदान कर’ छापलं असतं तर हुजूर पक्षाने मत द्यायचे पैसे लावले असा इतिहास मराठीत तयार झाला असता.

शेंडेफळ
बापरे. दंडवत घ्या. डोईपट्टी केलं.

तिरकी_रेघ
डोईपट्टी काय शब्द आहे! काउन्सिल टॅक्सला घरपट्टी करून टाका, हिशेब चुकता.

बोरूबहाद्दर
मुद्दाम करताय.

शेंडेफळ
(चार दिवसांनी) अंक आला. मी पाठवलेलं शीर्षक होतं ‘कर कमी असावेत, नेता जाणता असावा’. असावेत-असावा घातल्यावर आज्ञार्थाचा प्रश्नच मिटला. कॉन्झर्व्हेटिव्ह तसंच देवनागरीत ठेवलं होतं, राखणदार कंसात.

छापून आलंय: ‘एका पुराणमतवाद्याचे मनोगत’. डोईपट्टी वाचली. पण ‘कर भरला’चं संपादकांनी ‘कर चुकविला’ केलंय, ‘दरवर्षी, वेळच्या वेळी’ हे शब्द ठळक टाइपात. आजोबा संध्याकाळी अंक घ्यायला येणार आहेत आणि एकेक ओळ वाचून अर्थ सांग म्हणालेत.

मात्रावृत्त
‘चुकता केला’ असं वाचा. अर्थ तोच आहे.

बोरूबहाद्दर
संपादक मूळचे कुठले?